हादरा मुलुगूला, जागरण आमच्या गल्लीत

४ डिसेंबर २०२४ची सकाळ. साडेसातला दोन-तीन मिनिटं कमी होती. एका शेगडीवर धाकट्याच्या डब्याची भाजी, दुसरीवर सासूबाईंचा चहा आणि माझे दोन्ही हात कणकेत. त्या वेळेला आपल्या घरात काय धांदल असते ते मैत्रिणींना सांगायला नको. जमीन हलली असती तरी मला कळलं नसतं, आणि खरं सांगते, कळलं नाहीच. कळलं ते चंद्रपूरहून वहिनीचा फोन आला तेव्हा. "ताई, तुमच्याकडे जाणवलं का? आमच्याकडे मांडणीवरचे डबे वाजले हो!"

दुपारपर्यंत बातमी पक्की झाली. भूकंपाचं केंद्र तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात, तीव्रता ५.३, वेळ सकाळी ७ वाजून २७ मिनिटं. इकडे चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरपर्यंत लोकांना हादरा जाणवला होता. मोठं नुकसान कुठेच नव्हतं. खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण संध्याकाळी मोबाइलवर निरोप फिरायला लागला. आज रात्री बारा ते तीनच्या दरम्यान याहून मोठा धक्का बसणार आहे, परदेशी शास्त्रज्ञांनी इशारा दिला आहे, घरात झोपू नका. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, पाचवी ते सातवीला इतिहास-भूगोल. माझ्या वर्गाच्या पालकांचा एक गट आहे. मी क्षणभरही विचार न करता तो निरोप त्यांना पाठवला आणि खाली "काळजी घ्या" असंही लिहिलं. चांगलंच काम केलं असं वाटत होतं मला!

त्या रात्री आमच्या गल्लीतली पाच-सहा घरं अंगणात झोपली. आपल्या वर्ध्याची डिसेंबरातली थंडी काही साधी नसते. समोरच्या घरात सात महिन्यांचं बाळ. त्याच्या आईला तिच्या सासऱ्यांनी "आत चल" म्हणून परोपरीनं सांगितलं, पण ती म्हणाली, "मॅडमनी पाठवलं आहे, म्हणजे खरंच असेल." तीन वाजून गेले, पाच वाजले, काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी बाळाची छाती भरली. चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. बाळ बरं झालं, आता घरभर पळतं. पण ती मला एका शब्दानंही बोलली नाही हो, आणि तेच फार लागलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

बी. ए.ला भूगोल घेऊन पास झालेली बाई मी. भूकंपाची व्याख्या आजही तोंडपाठ आहे. पण तो मोजतं कोण, कसा, आणि "आज रात्री बारा वाजता" असं कुणाला सांगता येतं का, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. मग विचारायला लागले.

सासूबाईंचं मत आधीच तयार होतं. "भुईकंप पहाटंच येते, बाई. लोक झोपून असले की येते." त्यांचं चुकतं असं एकदम म्हणायची सोय नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी झाला. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ला, चारला चार-पाच मिनिटं असताना. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. जबलपूरचा २२ मे १९९७चा, तोही पहाटे चार एकवीसचाच! तीन उदाहरणं जुळली की आपण नियम करून मोकळ्या होतो. पण भूजला २००१ साली जमीन हलली ती २६ जानेवारीला सकाळी पावणेनऊला, शाळाशाळांतून झेंडावंदन चालू असताना. आणि १५ जानेवारी १९३४चा बिहारचा भूकंप भर दुपारी सव्वादोनला झाला. आपल्या लक्षात राहतात ते आपल्या जवळचे. जगभरची पूर्ण यादी ज्यांच्यापुढे असते त्यांना भूकंपाची आवडती वेळ, तिथी, अमावस्या असं काही सापडत नाही.

ही यादी ठेवणारी माणसं आहेत, आणि ती रात्रंदिवस ठेवली जाते. दिल्लीला राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र आहे. देशभरात दीडशेहून अधिक ठिकाणी त्यांची यंत्रं जमिनीची नाडी धरून बसलेली असतात. धक्का बसला की काही मिनिटांत ठिकाण, वेळ, खोली आणि तीव्रता जाहीर होते, त्यांच्या मोबाइल ॲपवरही दिसते. आणि ही यंत्रं फक्त आपल्यापुरतं ऐकत नाहीत. मोठा भूकंप जपानात झाला तरी त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून आरपार जातात आणि सगळ्या देशांतल्या कागदांवर रेघ ओढतात. आपल्याकडे हे काम सव्वाशे वर्षांचं जुनं आहे. १८९७ला आसामात प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर लवकरच कलकत्ता, मुंबईची कुलाबा वेधशाळा आणि कोडाईकनाल इथे भूकंपमापक यंत्रं बसली.

ठिकाण कसं कळतं, हे मला सगळ्यांत कोडं वाटायचं. ते इतकं सोपं निघालं की मी वर्गात करून दाखवलं. भूकंपातून मुख्यतः दोन तऱ्हेच्या लाटा जमिनीतून निघतात. एक पुढे धावणारी, दुसरी रेंगाळत येणारी पण जास्त हलवणारी. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो आणि मधला वेळ मोजून आपण "लांब पडली" म्हणतो ना, तसंच. दोन लाटांच्या मधे जितके सेकंद जातात, त्या दर सेकंदाला साधारण आठ किलोमीटर धरायचे. मुलांनी शाळेच्या फरशीवर खडूनं नकाशा काढला, दहा किलोमीटरला एक सेंटिमीटर. नागपूरला चाळीस सेकंदांचा फरक आला असं धरलं, म्हणजे तीनशे वीस किलोमीटर. तेवढ्या लांबीची सुतळी घेऊन नागपूरभोवती वर्तुळ. मग हैदराबादभोवती, मग विशाखापट्टणमभोवती. तिन्ही वर्तुळं एकमेकांना जिथे छेदली, तिथे एका मुलीनं रांगोळीचा ठिपका ठेवला. मुलुगू! सेकंदांचे आकडे मीच अंतरावरून उलटे काढले होते, ते मुलांना सांगूनही टाकलं, पण त्यांचा आनंद काही कमी झाला नाही. त्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मग पुढचा कुठं होणार तेपण काढू ना?"

तेवढंच काढता येत नाही. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक गावी भूकंप होणार हे आजच्या घडीला जगात कुणालाही सांगता येत नाही. जपानलाही नाही. जे सांगतात त्यांची एक युक्ती मात्र आता माझ्या ध्यानात आली. जगात सहाच्या वरचे भूकंप दरवर्षी शंभराहून जास्त होतात, सातच्या वरचे सरासरी पंधराएक. मग "या महिन्यात पूर्वेकडे मोठा भूकंप होईल" असं म्हणणाऱ्याचं भाकीत खोटं ठरायचं कसं?

या शोधाशोधीत मला एक बाई भेटली, पुस्तकातच. इंगे लेहमान, डेन्मार्कची. १९२९ साली न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला, म्हणजे तिच्या देशाच्या जवळजवळ पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्या लाटा जिथे पोचायला नको होत्या तिथेही थोड्या पोचल्याचं नोंदींत दिसत होतं. इतरांनी ते बारीकसारीक म्हणून सोडून दिलं. हिनं सोडलं नाही. तिच्या नात्यातल्या एकानं लिहून ठेवलं आहे की ती बागेत टेबल मांडून बसायची आणि जगभरच्या भूकंपांच्या नोंदी लिहिलेली कार्डं ओटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवायची. आपण मसाल्याचे डबे लावतो तशी! १९३६ साली तिनं मांडलं की पृथ्वीच्या द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे. पुढे ते खरं ठरलं. १०४ वर्षं जगली, १९९३च्या फेब्रुवारीत गेली.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात किल्लारी झाली. मी तेव्हा पाच वर्षांची. आईनं पेटीतली चांगली दोन लुगडी मदतीच्या गाडीत दिली, एवढंच आठवतं. जवळजवळ आठ हजार माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. त्या वेळच्या नकाशात तो भाग पहिल्या, म्हणजे सगळ्यांत निर्धोक विभागात होता. वर्षभर आधी, १९९२च्या पावसाळ्यापासून तिथे लहान धक्के बसत होते, लोक घाबरून बाहेरही झोपले होते. मग धक्के ओसरले आणि लोक घरात गेले. आपण तरी काय केलं असतं?

एक हिशेब मात्र मला झोपू देईना. किल्लारीचा भूकंप साधारण ६.२चा. २०२५च्या जुलैत रशियाच्या कामचाटकाजवळ झालेला ८.८चा. एका अंकाला शक्ती सुमारे ३२ पट वाढते, म्हणजे कामचाटकाचा किल्लारीच्या कितीतरी हजार पट मोठा. पण तो समुद्राखाली झाला, वर वस्ती तुरळक, आणि तिथे किल्लारीसारखी गावंच्या गावं गाडली गेली नाहीत. किल्लारीत माणसं मेली ती घरांखाली. दगडमातीच्या दोन-दोन, अडीच-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी पाटणीवर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची. वर्षानुवर्षं.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. माझं माहेर आर्वी तालुक्यातलं. तिकडे माळवद म्हणत नाहीत, धाब्याचं घर म्हणतात. घर तेच. आजोबांच्या वेळची भिंत, आणि दर वैशाखात बाबा पांढऱ्या मातीच्या पाट्या वर चढवणार. लहानपणी आम्ही त्याच धाब्यावर चांदण्यात झोपायचो. खाली आईबाबा आजही झोपतात.

आमचा वर्धा जिल्हा कमी धोक्याच्या विभागात मोडतो, हे खरं. आपल्या पायाखाली काळा खडक जाड आहे, हेही खरं. पण मुलुगू ज्या गोदावरीच्या जुन्या खचदरीत येतं, तिचंच वरचं टोक चंद्रपूर-वणीच्या कोळशाच्या पट्ट्यापर्यंत येतं. तिथेच १९६९ला भद्राचलमला ५.७चा झाला होता. घाबरवायला सांगत नाही, पण "आपल्याकडे कधीच नाही" हे वाक्य किल्लारीतही लोक म्हणत असतील.

सासूबाई मात्र म्हणाल्या, "पापं वाढली, दुसरं काय." त्यांना तरी काय बोलू? १९३३च्या नोव्हेंबरात गांधीजी वर्ध्याहूनच हरिजन दौऱ्यावर निघाले होते, आणि दोन महिन्यांनी बिहार हादरलं तेव्हा त्यांनीसुद्धा ते अस्पृश्यतेच्या पापाचं फळ म्हटलं. रवींद्रनाथांनी उघडपणे विरोध केला, आणि गांधीजींनी तो आपल्याच पत्रात छापला. मला या बाबतीत रवींद्रनाथांचं पटतं. हे मी सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर राहून लिहिते आहे.

घरात मी थोडे फेरफार केले. पलंगाच्या वरच्या फळीवरची पितळी घागर आणि मोठं पातेलं खाली आणलं. कपाट भिंतीला पट्टीनं जखडून घेतलं. रात्री सिलिंडरचं बटण बंद करायची सवय लावली, आणि उशाशी बॅटरी व पायात घालायला चप्पल, कारण काच फुटली तर आधी तळपायच कापतो. हादरा बसला तर जिन्याकडे धावायचं नाही, भक्कम टेबलाखाली शिरून त्याचा पाय धरून बसायचं, हे मुलांना दोनदा करून दाखवलं. धाकट्याला तो खेळच वाटतो.

बाबांना पटवायला दोन महिने लागले. फोनवर ते म्हणायचे, "पन्नास वर्षं उभं आहे घर, आता काय पडतं?" मग मी त्यांना लातूर-धाराशिवच्या बायकांचं सांगितलं. भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात महिला मंडळांतल्या बायका गावोगाव संवाद सहायक झाल्या. भिंतीत आरपार बंधाचे दगड कसे घालायचे, माळवदावरची माती कशी कमी करायची, हे त्यांनी शिकून घेतलं आणि शेजारणींना समजावलं. पुढे भूजच्या भूकंपानंतर त्यांतल्या काहीजणी गुजरातेतल्या बायकांना मदत करायला गेल्या. बाबा काही बोलले नाहीत. आईनं मात्र फोन हातातून घेतला आणि विचारलं, "मग गळलं तर?" मी म्हटलं, वरची माती काढायची, मधे जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि वर वीतभरच माती ठेवायची. तिकडे तसंच केलं होतं.

यंदा वैशाखात नवी माती चढली नाही. दोन मजूर लावून जुनी उतरवली. किती पाट्या झाल्या ते आईनं दारात बसून मोजलं. तीनशेच्या पुढे गेल्यावर तिनं मोजणं सोडलं, आणि तेव्हा अर्धा धाबाही झाला नव्हता. माती परसात टाकली आहे. आईनं त्यात वालाच्या शेंगांचा वेल लावला आहे.

समोरच्या बाळाच्या आईला मी एका दुपारी बोलावलं, माफी मागितली, आणि तिच्या मोबाइलवर ते दिल्लीच्या केंद्राचं ॲप उतरवून दिलं. तिनं लगेच उघडून पाहिलं. त्या दिवशीच्या यादीत तीन-चार नावं होती, सगळी लांबची. "एवढे रोजच होतात, मॅडम?" ती म्हणाली. मग चहा झाला आणि बाळानं माझ्या कणकेच्या डब्यात हात घातला.