गरिबाच्या दारातील कुत्रे

आमच्या महाविद्यालयाची बाग सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. लहानथोर सारेच त्यांना मामा म्हणतात. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे मामांनी पाच पिलांचे पोते सायकलला बांधले आणि ते मार्केट यार्डाच्या भिंतीपाशी नेऊन रिकामे केले. ही हकीकत त्यांनी स्वतःच मला मान खाली घालून सांगितली. त्यांच्या घराला धड दार नाही, दारात दोन शेळ्या आहेत आणि रात्रीची सारी राखण त्या पिलांच्या आईकडे आहे. तिला पुन्हा पिले होऊ नयेत म्हणून मामांनी आधी चौकशी केली नव्हती असेही नाही. खाजगी दवाखान्यात शस्त्रक्रिया व औषधे मिळून पाच हजार रुपये पडतील असे त्यांना सांगण्यात आले. त्यांचे महिन्याचे वेतन बारा हजार. पालिकेत गेले, तेव्हा ‘आम्ही मोकाट कुत्री धरतो, पाळलेली नव्हे’ असे उत्तर मिळाले. ही पाच पिले पोत्यातून बाहेर पडली त्या क्षणी मोकाट झाली आणि तेव्हापासून त्यांचा भार पालिकेवर आला. प्रस्तुत लेखाचा विषय हाच विरोधाभास आहे.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि देशभर गाजला. कुत्री निवारागृहात डांबावीत की निर्बीजीकरण व लसीकरण करून पुन्हा त्याच भागात सोडावीत, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. तथापि, रस्त्यावरील कुत्र्यांत नवी भर कोठून पडते, हा प्रश्न त्या वादात फारसा कोणी विचारला नाही. त्या भरतीचा एक झरा मामांच्या दारासारख्या असंख्य दारांतून वाहतो.

कायद्याची रचना पाहू. २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी कुत्र्यांचे दोन वर्ग केले : पाळीव आणि रस्त्यावरील. पाळीव कुत्र्याच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकाची, रस्त्यावरील कुत्र्याची स्थानिक संस्थेची. २००१ च्या नियमांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली, पण ही विभागणी कायम राहिली. कागदावर ती निर्दोष आहे. परंतु वस्तीतील कुत्रे या दोन्ही वर्गांच्या मधोमध उभे असते. ते एका घरची भाकरी खाते, त्याला नाव असते, घरातील पोरे त्याच्याशी खेळतात. पण दिवसभर ते गल्लीत हिंडते आणि त्याचे मीलनही गल्लीतच होते. मालक आहे म्हणून पालिका हात लावत नाही आणि मालकाला परवडत नाही म्हणून शस्त्रक्रिया होत नाही.

अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गात आम्ही शिकवतो, की ज्या कृतीचा लाभ करणाऱ्यापेक्षा इतरांना अधिक होतो, ती कृती बाजारावर सोडली तर समाजाला हवी त्याहून कमी घडते. देवीची लस याचे जुने उदाहरण. कुत्रीच्या शस्त्रक्रियेचे तसेच आहे. तिचा खर्च मामांनी करावा. त्यातून मार्केट यार्डातील हमालांना, पहाटे दूध घालणाऱ्याला आणि शाळेच्या वाटेवरील मुलांना जो लाभ होईल, त्याचा एक पैसाही मामांना मिळणार नाही. मग हा खर्च त्यांनी एकट्याने का सोसावा?

खर्चाचा साधा हिशेब मांडू. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते, नऊ आठवड्यांत विते आणि एका वेताला पाच-सहा पिले होतात. यावरून काही वर्षांत हजारो कुत्र्यांचे मनोरे रचणारी गणिते मला मान्य नाहीत. रस्त्यावर जन्मलेली बहुसंख्य पिले रोगाने किंवा वाहनाखाली वर्षाच्या आतच मरतात. परंतु एका वेतातील एकच पिलू जगले असे धरले, तरी पुढे त्याला पकडणे, वाहनातून नेणे, शस्त्रक्रिया करणे, काही दिवस ठेवून घेणे आणि परत सोडणे हा सारा खर्च पालिकेलाच करायचा असतो. म्हणजे आईच्या शस्त्रक्रियेला दिलेले अनुदान बहुधा पहिल्याच वेतात वसूल होते. याशिवाय चावा घेतलेल्या माणसाला शासकीय रुग्णालयात लस द्यावी लागते, तिच्यासाठी त्याला अनेक फेऱ्या घालाव्या लागतात आणि प्रत्येक फेरीला मजुरी बुडते, ते वेगळेच.

पशूंच्या प्रजननावर सार्वजनिक पैसा खर्चणे आपल्याला नवे नाही. १९३३ च्या मुंबई पशुधन सुधारणा कायद्याने वळूंवर नियंत्रण आणले, ते गावच्या गोधनाचे हित एकट्या मालकावर सोडता येत नाही म्हणूनच. आजही शेतकरी आपला गोऱ्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात नेतो आणि नाममात्र शुल्कात त्याचे खच्चीकरण होते. त्याला कोणी चैन म्हणत नाही. तेच तत्त्व कुत्रीला लागू करण्यात संकोच कसला?

आक्षेप दोन प्रकारचे येतील. पहिला असा, की परवडत नसेल तर गरिबाने कुत्रे पाळूच नये. ज्यांच्या इमारतीला रखवालदार आहे, त्यांना हे म्हणणे सोपे आहे. ज्याच्या दाराला कुलूप नाही, त्याचे कुत्रे हाच त्याचा रखवालदार होय. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : सवलतीचा लाभ बंगलेवालेच उठवतील. त्यावर उपाय आपल्या हाताशी आहे. महाराष्ट्रात शिधापत्रिकांचे पिवळी, केशरी आणि पांढरी असे रंग आहेत. पिवळ्या पत्रिकेला नाममात्र शुल्क, केशरीला अर्धे आणि पांढरीला पूर्ण, एवढा नियम पुरेसा आहे.

मात्र केवळ शुल्क कमी करून भागणार नाही. गरिबाच्या दृष्टीने शस्त्रक्रियेची किंमत पावतीवरील आकड्यापेक्षा बरीच मोठी असते. एक दिवसाची मजुरी बुडते, कुत्र्याला रिक्षात कोणी घेत नाही, टाके भरेपर्यंत आठ-दहा दिवस ते कोरड्या जागी ठेवावे लागते आणि नेलेले कुत्रे परत येईल ना, ही धास्ती असतेच. म्हणून वस्तीतून कुत्री नेणारी व परत आणून सोडणारी गाडी हा योजनेचा गाभा हवा. गोव्यात गेल्या दशकात रेबीजविरोधी लसीकरणाची पथके दारोदार गेली आणि २०२१ साली ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. सेवा दारापर्यंत गेली की लोक कुत्रे धरून उभे राहतात, हा त्या अनुभवाचा धडा आहे.

पैसा कोठून आणावा? अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्याने १९९४ पासून सार्वजनिक साहाय्यावर जगणाऱ्या कुटुंबांच्या कुत्र्या-मांजरांसाठी अशी योजना चालवली. शस्त्रक्रिया खाजगी पशुवैद्यकच करीत, मालक अल्प रक्कम देई आणि उरलेला भार श्वानपरवान्यावरील छोट्या अधिभारातून उभारलेला निधी उचली. ऐपत असलेल्या श्वानमालकाने ऐपत नसलेल्याचा भार थोडा हलका करावा, हे त्यातील सूत्र. आपल्या महानगरपालिकांतही परवान्याची तरतूद आहे. परवाना काढणारे मात्र थोडे. निर्बीजीकरण न केलेल्या कुत्र्याच्या परवान्याचे शुल्क चढे ठेवून ती रक्कम याच कामासाठी राखून ठेवता येईल. निधी अपुरा असेल तर माद्यांना अग्रक्रम द्यावा, कारण नर थोडे उरले तरी पिलांची संख्या घटत नाही.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. स्वस्त याचा अर्थ निष्काळजी असा झाला आणि एखादी कुत्री टाके चिघळून मेली, तर ती सारी गल्ली पुन्हा दार उघडणार नाही. म्हणून शस्त्रक्रियांची संख्या वाढवण्याच्या हव्यासापेक्षा प्रशिक्षित पशुवैद्यक, वेदनाशामक औषधे आणि नंतरची देखरेख यांवर आधी खर्च व्हावा.

पालिकांच्या स्थायी समित्या अंदाजपत्रकात भटक्या कुत्र्यांसाठी तरतूद करतातच. त्या रकमेतला एक हिस्सा, कुत्री भटकी होण्याच्या आधी, वस्तीतल्या दारात खर्च करावा एवढीच मागणी आहे. मामांची कुत्री पुन्हा गाभण आहे. त्यांना पोते पुन्हा सायकलला बांधायचे नाही, हे मी त्यांच्या तोंडून ऐकले आहे. यापुढची जबाबदारी त्यांच्या एकट्याची मानून आपण मोकळे होऊ शकत नाही.