तेराव्यानंतर काय?

घरात मृत्यू झाला की आपल्याकडे लहान मुलांना आधी शेजारच्या घरी पाठवतात. तिथे त्यांना बिस्किटं मिळतात, टीव्ही लावून दिला जातो. ‘बाबा गावाला गेलेत,’ असं कुणीतरी सांगून टाकतं. दोन दिवसांनी मूल अंगणात खेळताना दिसलं की मोठी माणसं सुस्कारा सोडतात, ‘लहान आहे, विसरेल.’ तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी सतरंज्या गुंडाळल्या जातात, पाहुणे आपापल्या गावी जातात. आपल्या लेखी दुःख तिथे आवरलेलं असतं. मुलाच्या शरीराचा हिशेब मात्र तिथून पुढे सुरू होतो.

‘शरीराचा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आई किंवा वडील लहानपणी गेले की मुलाच्या मनावर परिणाम होतो, हे कुणाला सांगावं लागत नाही. पण त्याच मुलाच्या चाळिशीतल्या ब्लडप्रेशरशी, झोपेशी, हृदयाशीही त्या घटनेचा संबंध असू शकतो, हे ऐकून पुष्कळ जण चमकतात. तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर म्हणून मी तीसेक वर्षं काम करतो आहे. पोटात दुखतं म्हणून आणलेली मुलं रोजच येतात. काहींच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल निघतात, औषधानं दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी आई पुन्हा दारात उभी राहते. अशा वेळी हळूच विचारावं, ‘घरात गेल्या वर्षभरात काही झालं का?’ मग आजोबांचं, बापाचं, कधी धाकट्या भावाचं जाणं बाहेर येतं. मूल खोटं बोलत नसतं, त्याचं पोट खरंच दुखत असतं.

या विषयावरचा एक मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंड या देशांत प्रत्येक नागरिकाची जन्मापासून मृत्यूपर्यंतची नोंद सरकारदरबारी असते. संशोधकांनी ७० लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या सुमारे १ लाख ८९ हजार मुलांनी वयाच्या अठरा वर्षांच्या आत आई किंवा वडील गमावले होते. पुढच्या काळात, अगदी तरुणपणापर्यंत, या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे दीडपट आढळलं. पालक आजारानं गेला असेल तर धोका कमी होता. अपघात, आत्महत्या अशा अनैसर्गिक कारणानं गेला असेल तर जास्त.

हा आकडा वाचून कुणी घाबरून जाऊ नये. त्या देशांत तरुण वयात मृत्यू येणं मुळातच दुर्मीळ आहे आणि थोड्याचं दीडपट हे थोडंच असतं. पोरकी झालेली बहुसंख्य मुलं पुढे धडधाकट जगतात. तरीही जिथे शिक्षण आणि औषधोपचार यांची सोय सरकार पाहतं, तिथेही हा फरक उरतो, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

असं का व्हावं? एक वाट शरीराच्या आतली आहे. संकट दिसलं की मेंदूकडून निरोप निघतो आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. साखर वाढते, शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होतं. संकट टळलं की सारं पूर्ववत व्हावं, अशी निसर्गाची योजना. पण ज्या मुलाला रोज रात्री ‘आता आईही गेली तर?’ ही धास्ती वाटते, त्याच्या मानेवरचं जू उतरतच नाही. असा ताण वर्षानुवर्षं राहिला तर रक्तवाहिन्या, प्रतिकारशक्ती, झोप या सगळ्यांची झीज होते. ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९३ साली या झिजेचं शास्त्रीय वर्णन केलं. कधी ही यंत्रणा सतत चढलेली राहते, तर कधी थकून मंदावते आणि गरज असतानाही पुरेशी जागी होत नाही. शरीराला दोन्ही सोसत नाही.

दुसरी वाट बाहेरची आहे आणि आपल्याकडे तीच अधिक रुंद आहे. कमावता माणूस गेला की उत्पन्न आटतं, घर बदलतं, मुलांची पांगापांग होते. ताटातलं दूध-डाळ कमी होतं. दुखणं अंगावर काढण्याची सवय लागते. मुलगा लवकर कामाला लागतो आणि बरोबरीच्या माणसांत तंबाखू मळायला शिकतो. मुलीची शाळा सुटते.

हे मी पुस्तकातून शिकलेलं नाही. मी नऊ वर्षांचा असताना विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून आमचे वडील गेले. माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा तेरा वर्षांची होती. वर्ष सरायच्या आत मामांनी मला मिरजेला नेलं, शाळेत घातलं. रोज संध्याकाळी मामा माझ्याशेजारी बसून अभ्यास घेत आणि वडिलांच्या गोष्टीही सांगत. अक्का सातवीतून घरी बसली. आई दुसऱ्यांच्या रानात कामाला जायची आणि चूल, पाणी, धाकटी दोघं अक्काच्या गळ्यात पडली. तिला रडताना कुणी पाहिलं नाही, म्हणून ‘पोरगी मोठी धीराची’ असं सगळे कौतुकानं म्हणत. अडतिसाव्या वर्षी तिला ब्लडप्रेशर निघालं, बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह. मी साठी ओलांडली, अजून मला एकही गोळी नाही. एका घरातल्या दोघांच्या प्रकृतीवरून काही सिद्ध होत नाही, हे डॉक्टर म्हणून मला कळतं. पण वडील दोघांचेही एकाच दिवशी गेले होते. फरक पडला तो त्यानंतरच्या वर्षांत, हे भाऊ म्हणून मला दिसतं.

ही ‘नंतरची वर्षं’ बदलता येतात, हीच या विषयातली आशेची बाजू. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठात आयर्विन सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात एक प्रयोग सुरू केला. आई किंवा वडील गमावलेली १५६ कुटुंबं आणि त्यांतली २४४ मुलं त्यात होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला दुःखाविषयीची पुस्तकं वाचायला दिली. दुसऱ्या गटातली मुलं आणि त्यांचे पालक काही आठवडे नियमित एकत्र जमले. तिथे शिकवलेल्या गोष्टी साध्या होत्या. मुलाचं बोलणं मध्येच न तोडता ऐकावं, रोज थोडा वेळ फक्त त्याला द्यावा, घरातली शिस्त ढळू देऊ नये, नवे धक्के होता होईतो टाळावेत आणि पालकानं आपलं दुःखही सांभाळायला शिकावं. सहा वर्षांनी मुलांची तपासणी झाली, तेव्हा शिकवणी मिळालेल्या गटात कॉर्टिसॉलची यंत्रणा कमी मंदावलेली दिसली. आईनं किंवा बापानं काही आठवडे शिकलेलं मायेचं वागणं सहा वर्षांनी मुलाच्या शरीरात मोजता आलं!

आपल्याला हे अगदीच नवं नाही. जोतीराव फुल्यांची आई ते तान्हे असतानाच गेली आणि त्यांना सगुणाबाईंनी पोटच्या मुलासारखं वाढवलं. एखादी सगुणाबाई, एखादा मामा, कधी शाळेतले गुरुजीसुद्धा पुरतात. मात्र ते माणूस टिकून राहणारं हवं. महिनाभर मावशीकडे, सुट्टीत काकांकडे आणि मग वसतिगृहात, अशी मुलाची टोलवाटोलवी झाली तर सगळे नातेवाईक असूनही त्याला कुणीच नसतं.

म्हणून काही गोष्टी हक्कानं सांगाव्याशा वाटतात. मुलाला खरं सांगा. ‘झोपलेत’ म्हणाल तर ते झोपायला घाबरेल, ‘गावाला गेलेत’ म्हणाल तर वाट पाहील. ‘मेले म्हणजे आता परत येणार नाहीत’ हे वाक्य जड आहे, पण मुलाला ते पेलतं. ‘आता तूच घरातला कर्ता’ असं दहा वर्षांच्या पोराला म्हणू नका. गेलेल्या माणसाचं नाव घरात घेत राहा. मुलाची शाळा, जेवणाची वेळ, अंथरुणाची जागा शक्यतो तीच ठेवा. मागे राहिलेल्या आईची किंवा वडिलांची झोप आणि जेवण विचारा, कारण मुलाचं औषध तेच आहेत. आर्थिक ओढ असेल तर राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. एक पालक गमावलेल्या मुलांनाही तिचा लाभ मिळू शकतो आणि २०२३ साली तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करण्याचं काम शेजाऱ्यानं केलं तर त्या बाईचा एक हेलपाटा वाचेल.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोरोनानं आपल्या गल्लोगल्लीतली मुलं पोरकी केली. पुष्कळांना शेवटचं दर्शनही घडलं नाही. तेव्हा पाच-सात वर्षांची असलेली मुलं आता शाळेच्या वरच्या वर्गांत आली आहेत. बाहेरून ती इतरांसारखीच दिसतात, क्रिकेट खेळतात, मोबाइलवर हसतात. ती चाळिशीची होतील तेव्हा त्यांच्या केसपेपरवर काय लिहिलं जाईल, याचा थोडासा भाग आजही आपल्या हातात आहे. तुमच्या आळीत असं एखादं घर असेल. आज रविवार आहे, सवड आहे. संध्याकाळी तिकडे एक चक्कर टाकून या.