निन्जांची हत्यारं : झडतीत न सापडणारी शस्त्रं

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की निन्जांच्या हत्यारांबद्दल कधी बोलणार? तर आज तेच बघू.

निन्जा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळे कपडे आणि फेकून मारायच्या चांदण्या येतात. ही प्रतिमा बरीचशी नाटक-सिनेमांनी घडवलेली आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या जपानमध्ये या लोकांना 'शिनोबी' म्हणत. इगा आणि कोगा हे डोंगराळ प्रदेश त्यांच्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांचं मुख्य काम होतं शत्रूच्या गोटात शिरायचं, बातमी काढायची आणि जिवंत परत यायचं. मेलेला हेर बातमी आणत नाही. हे एकदा लक्षात घेतलं की त्यांची अवजारं आपोआप समजतात.

समजा, तुम्ही शेतकऱ्याच्या वेषात शत्रूच्या नाक्यावर पोचलात आणि पहारेकऱ्याने झडती घेतली. कमरेला तलवार सापडली तर तिथेच खेळ संपला. म्हणून जवळच्या वस्तू अशा हव्यात, की कुणाला संशयच येऊ नये.

शिनोबीने बरोबर ठेवायच्या सहा वस्तूंची एक यादीच आहे. पहिली, विणलेली टोपी. चेहरा झाकतो, पण आतून बाहेरचं दिसतं. दुसरी, आकडा लावलेला दोर. तिसरी, दगडी लेखणी, आपल्या पाटीवरच्या पेन्सिलीसारखी, खुणा करायला. चौथी, औषधं. पाचवी, साधारण ९० सेंटीमीटरचं सुती फडकं. तोंड झाकायला, जखम बांधायला, पाणी गाळायला. आणि सहावी, विस्तवाची सोय असलेली बांबूची नळी. बघा, सहामध्ये एकही शस्त्र नाही!

आता 'कुनाई' घ्या. कार्टूनमध्ये तो फेकायचा सुरा असतो. प्रत्यक्षात ते जमीन उकरायचं, मातीच्या भिंतीला भोक पाडायचं लोखंडी अवजार. आपल्या छोट्या पहारीसारखं. 'शिकोरो' ही छोटी करवत, कुंपण कापायला.

'माकिबिशी' म्हणजे पाठलाग करणाऱ्यांच्या वाटेत टाकायचे काटे. ते लोखंडाचे असत, तसेच 'हिशी' नावाच्या पाणवनस्पतीच्या वाळलेल्या फळांचेही असत. हे हिशी म्हणजे आपल्या उपवासाच्या शिंगाड्याचं सख्खं भावंड. त्या काळी पायात गवताच्या चपला असायच्या, त्यातून काटा सहज आरपार जाई. आणि झडतीत सापडला तरी काय, सुकं फळच की!

'मिझुगुमो', म्हणजे पाणकोळी, या लाकडी कड्यांवरून निन्जा पाण्यावर चालत, असं सांगतात. साधा हिशोब करू. ६० किलोच्या माणसाला तरंगायला ६० लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. पातळ फळ्यांच्या कड्यांनी ते कसं होणार? त्यावर बसून खंदक ओलांडत असावेत, असं मानणं जास्त पटतं.

खरा भर होता आगीवर. १६७६ साली फुजिबायाशी यांनी संकलित केलेल्या 'बान्सेन्शुकाई' या ग्रंथात चढायची, पाण्यातली, कुलपं-दारं उघडायची आणि आगीची, अशी साधनांची वर्गवारी आहे. गंधक, सोरा, कोळसा यांच्या कितीतरी कृती त्यात दिल्या आहेत. कोठाराला आग लागली की पहारेकरी तिकडे धावणार आणि इकडची वाट मोकळी होणार.

या साधनांना मर्यादाही होती. १५७९ साली इगाच्या लोकांनी ओदा नोबुकात्सुची स्वारी परतवली. पण १५८१ मध्ये त्याचे वडील नोबुनागा यांनी हजारोंची फौज चहूबाजूंनी घातली आणि इगा बेचिराख केलं. उघड्या मैदानात दोर, करवत आणि शिंगाडे काय करणार? ही अवजारं लढाई जिंकायला नव्हतीच. ती होती लढाईआधी, अंधारात, एकट्या माणसाला घरी परत आणायला.

पुढच्या भागात आपण त्यांच्या वेषांतराकडे वळू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.