परग्रहावरची पाहुणी

‘आनो नात्सु दे मात्तेरु’ ह्या जपानी शब्दांचा अर्थ ‘त्या उन्हाळ्यात वाट पाहत आहे’ असा होतो. ह्या नावाची बारा भागांची एक चित्रमालिका २०१२ च्या जानेवारी ते मार्च ह्या महिन्यांत जपानी दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. रेखाटलेल्या चित्रांना गती देऊन केलेली ही मालिका. म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘कार्टून’ म्हणून मोकळे होतो, त्यातलीच. तिच्यात एक शाळकरी मुलगा आहे, उन्हाळा आहे आणि दुसऱ्या ग्रहावरून आलेली एक मुलगी आहे. वसंत व्याख्यानाच्या मांडवात हा विषय कशाला, असे कोणास वाटेल. पण घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत आपल्या घरांतली सोळा-सतरा वर्षांची मुले अशा मालिका मोबाईलवर तासन्‌तास पाहत असतात, आणि आपण दारातून डोकावून “अजून कार्टूनच का?” एवढे विचारून स्वयंपाकघराकडे वळतो. मुले काय पाहतात हे एकदा नीट बसून पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. पाहिल्यावर असे दिसते की ह्यातली गोष्ट आपल्याला चांगली ओळखीची आहे. फक्त तिचा शेवट कोणीतरी बदलला आहे.

जपानी चित्रपटांचा आणि आपला परिचय तसा जुना आहे. युगो साको ह्या जपानी गृहस्थांनी आपल्या राम मोहन ह्यांच्यासह रामायणावर चित्रपट केला तो १९९२ साली; तो २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडे चित्रपटगृहांत पुन्हा लागला होता. मकोतो शिन्काई ह्या दिग्दर्शकाचा पावसाविषयीचा एक चित्रपट २०१९ साली भारतात आला, तो इथल्या तरुण प्रेक्षकांनी सह्यांचा अर्ज करून मागितला म्हणून आला. तेव्हा ही आवड आता चार-दोन मुलांची राहिलेली नाही.

आता मालिकेची गोष्ट. मध्य जपानात नागानो प्रांतात, आसामा नावाच्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी, कोमोरो हे लहानसे गाव आहे. गाव खरे आहे. मालिकेतले रस्ते नि स्टेशन पाहण्यासाठी पुढे लोक तिथे जाऊ लागले. तिथला काइतो हा आईबापांविना वाढलेला मुलगा जुन्या ८ मिमीच्या कॅमेऱ्याने काही ना काही टिपत हिंडत असतो. एका रात्री तो असाच बाहेर असताना आकाशातून एक यान कोसळते आणि त्यात तो जिवावर बेतेल असा जखमी होतो. यानातली मुलगी, इचिका, त्याला वाचवते आणि काही दिवसांनी त्याच्याच शाळेत, त्याच्या वरच्या वर्गात, नवी विद्यार्थिनी म्हणून दाखल होते. काइतोची बहीण नोकरीनिमित्त दूर बोलिव्हियाला गेलेली. तेव्हा इचिका त्याच्याच घरी राहू लागते. मित्रमैत्रिणी मिळून ठरवतात की ह्या सुट्टीत आपण एक चित्रपट काढायचा. इचिका त्यातली नायिका.

ह्या मंडळींत प्रेमाची एक साखळीच आहे. काइतोचे मन इचिकावर. शेजारच्या कान्नाचे काइतोवर. तेत्सुरोचे कान्नावर आणि मिओचे तेत्सुरोवर. प्रत्येक जण आपल्या पुढच्याकडे पाहत आहे आणि मागे वळून कोणी पाहत नाही. परग्रहाचा सारा डोलारा काढून टाकला तरी एवढी साखळी कथेला पुरेशी होती. मला तर मालिकेचा हाच भाग सर्वांत खरा वाटतो. विशेषतः तेत्सुरोचा, ज्याला आपली प्रिय व्यक्ती आपल्याच मित्रावर जीव टाकते आहे हे ठाऊक असते आणि तरी तो तिला धीर देत राहतो. काही प्रसंग मात्र निव्वळ थिल्लर आहेत. ते वगळले असते तर मालिकेचे काही बिघडले नसते.

उन्हाळाच का, हे आपल्याला थोडे समजून घ्यावे लागेल. जपानात शाळेचे वर्ष एप्रिलात सुरू होते आणि उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या अखेरीपासून साधारण ऑगस्ट संपेपर्यंत, म्हणजे वर्षाच्या मध्येच येते. अभ्यास पुरा झालेला नसतो, वर्ग बदललेला नसतो. चाळीसेक दिवस काळ जणू थांबतो आणि मग पुन्हा तेच बाक. आपली मे महिन्याची सुट्टी निकालानंतरची. ती पावसाबरोबर संपते आणि संपल्यावर सगळेच नवे असते. तरीही एक गोष्ट दोन्हींकडे सारखी आहे. सुट्टीत कोणीतरी पाहुणे येते. मुंबईच्या उपनगरांतल्या चाळींत आणि वसाहतींत ज्यांचे बालपण गेले त्यांना आठवेल की मे महिन्यात समोरच्या बिऱ्हाडी त्यांची कोणी भाची कोल्हापूरहून किंवा रत्नागिरीहून येई, जिन्यात पत्ते रंगत, गच्चीवर वाळवणाची राखण होई, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ती निघून जाई. तिचे बोलणे निराळे, तिचे खेळ निराळे. आणि ती जाणार हे ती आली त्या दिवसापासून ठरलेले. परग्रहावरून यायला ह्याहून अधिक काय लागते?

जाणार हे ठरलेले आहे, ह्याच गोष्टीवर ही जुनी कथा उभी आहे. जपानी लोकांकडे ती ‘ताकेतोरी मोनोगातारी’ ह्या ग्रंथात आहे. दहाव्या शतकाच्या आसपासचा हा ग्रंथ जपानी कथावाङ्मयातला आद्य समजला जातो. एका बांबू तोडणाऱ्या म्हाताऱ्याला बांबूच्या पेरात बोटभर मुलगी सापडते. ती मोठी होते. पाच सरदार तिला मागणी घालतात. सम्राटही तिच्यावर लुब्ध होतो. पण ती चंद्रलोकीची. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्रावरचे लोक तिला न्यायला येतात. सम्राटाचे सैन्य पहाऱ्यावर असूनही जागच्या जागी निष्प्रभ होते. तिच्या अंगावर पिसांचे वस्त्र घालतात, आणि ते घालताच पृथ्वीवरचे सारे दुःख, सारी माया ती विसरते. मागे उरते एक पत्र आणि अमरत्वाचे औषध. ती नाही तर अमर होऊन काय करायचे म्हणून सम्राट ते पर्वताच्या शिखरावर जाळवून टाकतो.

आपल्याकडे हीच गोष्ट उर्वशी-पुरूरव्याची आहे आणि ती कितीतरी जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले पंचाण्णवावे सूक्त म्हणजे ह्या दोघांचा संवाद. ती निघून चालली आहे, तो थांब म्हणतो आहे, आणि मर्त्यांमध्ये आपण चार शरद राहिलो असे ती सांगते. पुढची हकीकत शतपथ ब्राह्मणात येते. उर्वशीने अट घातली होती की तू मला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांना ती परत हवी होती. त्यांनी रात्री तिच्या पलंगाशी बांधलेली कोकरे पळविली; पुरूरवा तसाच उठून धावला, आणि नेमकी वीज चमकली. अट मोडली, उर्वशी नाहीशी झाली. म्हणजे अट मोडली ती पुरूरव्याच्या हातून, पण मोडविली गंधर्वांनी; नियम ज्यांच्या सोयीचा, त्यांनीच. पुढे वर्षाअखेरच्या एका रात्रीची भेट त्याला मिळते, आणि अग्नी सिद्ध करून तो स्वतःच गंधर्व होतो. पाहुणी इथे राहू शकत नाही म्हणून यजमानच तिच्या गावचा होऊन जातो.

कालिदासाने ह्याच कथेला ‘विक्रमोर्वशीय’ नाटकात निराळे वळण दिले. तिथे उर्वशी पुत्रमुख दिसेपर्यंतच पृथ्वीवर राहू शकते. तो मुलगा समोर येऊन उभा राहतो, आनंदाच्या क्षणीच वियोग ठाकतो, आणि मग नारद इंद्राचा निरोप घेऊन येतो की उर्वशी आता जन्मभर तुझीच राहील. इंद्राला एवढे औदार्य का सुचले? असुरांशी युद्ध येऊ घातले होते आणि पुरूरव्याने शस्त्र खाली ठेवणे त्याला परवडणारे नव्हते. नियम बदलला तो प्रेमाची कणव येऊन नव्हे, गरज पडली म्हणून. कालिदास ही गरज नारदाच्या तोंडून बोलूनही दाखवितो; ज्याला दिसायचे त्याला दिसते.

थोडे विषयांतर करून आकाशाकडे पाहू. जपानात सात जुलैला तानाबाताचा सण असतो. विणकर राजकन्या आणि गुराखी हे दोन तारे आकाशगंगेच्या दोन काठांवर ताटातूट होऊन उभे असून वर्षातून एकच रात्र त्यांना भेटता येते, अशी ती कथा, मूळ चीनमधली. ते तारे आपल्या पंचांगातले अभिजित आणि श्रवण. मे महिन्यात रात्री अकरा-बाराच्या सुमारास पूर्वेकडच्या आकाशात दोन्ही दिसतात. मुंबईच्या दिव्यांतूनही दिसण्याइतके ते तेजस्वी आहेत. अभिजित आपल्यापासून सुमारे २५ प्रकाशवर्षे दूर, श्रवण सुमारे १७, आणि त्या दोघांमधले अंतर सुमारे १५ प्रकाशवर्षांचे. म्हणजे विणकरणीने नुसता दिवा हलवून खूण केली तरी गुराख्याला ती पंधरा वर्षांनी दिसणार आणि त्याचे उत्तर तिला तिसाव्या वर्षी. सूर्याला सर्वांत जवळचा तारा घेतला तरी प्रकाशाला सव्वाचार वर्षे लागतात. कोमोरोच्या मुलीचे यान एका उन्हाळ्यात येऊन जाते, हे कथेचे स्वातंत्र्य आहे. भौतिकशास्त्र तिला ते देत नाही. पण शास्त्राच्या कसोटीनेसुद्धा परग्रहावरच्या प्रेमात मुख्य काम वाट पाहण्याचेच, हे ध्यानात आले म्हणजे मालिकेचे नाव किती नेमके आहे ते कळते.

मराठी विज्ञानकथेने ह्या पाहुणीला फारसे घरात घेतले नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठविली तेव्हापासून आपली विज्ञानकथा प्रयोगशाळेच्या दाराने आत आली. परका आला तर तो बहुधा शास्त्रज्ञाला भेटला, शेजारच्या मुलाला नाही. हिंदी चित्रपटाने मात्र २०१४ च्या ‘पीके’मध्ये तो प्रयत्न केला. तिथला परका आपले प्रेम न बोलता निघून जातो आणि जाताना त्या मुलीच्या आवाजाच्या ध्वनिफिती भरून नेतो. चंद्रकन्येने पत्र ठेवले, ह्याने आवाज नेला, काइतोपाशी ८ मिमीची फीत उरते.

आता बदललेल्या शेवटाकडे येऊ. इचिकाला परत नेणारा नियम तिच्या ग्रहसंघाचा आहे. पृथ्वी हा मागासलेला ग्रह. त्याच्याशी संपर्क ठेवायचा नाही. कागुयाने (चंद्रकन्येचे नाव हे) आपल्या नियमापुढे मान खाली घातली, पुरूरव्याने नियमाचा घाट चुकविला, कालिदासाच्या राजाला तो वरून माफ झाला. कोमोरोची पाच-सहा मुले काय करतात? ती पुरावा शोधतात. इचिकाच्या मनात पृथ्वीवरच्या एका जागेची आठवण आहे. ती तिची स्वतःची नव्हे, पूर्वजांकडून आलेली. ती जागा सापडली तर सिद्ध होईल की तिचे लोक पूर्वीही इथे येऊन गेले, म्हणजे संपर्क नवा नाही, म्हणजे नियमाचा आधारच डळमळला. न्यायला आलेल्यांच्या हाती लागण्याआधी ती मुले सायकली, गाड्या, मिळेल ते वाहन घेऊन त्या जागेकडे धावतात. गंधर्वांशी अशी हुज्जत कोणी घातली नव्हती.

ह्यात आपल्या मुलांना काय भावते, हे उपनगरात राहणाऱ्या माणसाला कळणे कठीण नाही. एकाच मजल्यावर मराठी, गुजराती, तमिळ, उत्तर हिंदुस्थानी, ख्रिस्ती, मुसलमान बिऱ्हाडे असतात. मुले एकाच शाळेत आणि एकाच लोकलने जातात. आणि लग्नाचा विषय निघाला की त्यांना प्रथमच कळते की समोरचे दार दुसऱ्या ग्रहावर आहे. कोण ‘आपल्यातले’ आणि कोण ‘मागासलेले’ हे ठरविणारा ग्रहसंघ तर आपल्या दिवाणखान्यातच भरतो. जातीबाहेरच्या हिंदू विवाहाला १९५५ च्या कायद्यात कसलीच आडकाठी नाही. भिन्न धर्मांच्या दोघांना १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याआधीच्या १८७२ च्या कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना मूळ स्वरूपात आपला धर्मच नाकारावा लागे. ती अट १९५४ च्या कायद्यात नाही. पण त्यात एक मुदत आहे. विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ती कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावली जाते, आणि हरकत घेण्यास तीस दिवस मिळतात. ते तीस दिवस पुष्कळ जोडप्यांना फार लांब जातात. कायद्याला हरकत कोणती चालते हे ठरलेले आहे, घरच्यांच्या हरकतीला तशी मर्यादा नाही. जपानी मुले सुट्टीच्या चाळीस दिवसांत धावपळ करतात. आपल्या काही मुलांना तीस दिवस निमूट बसावे लागते.

मालिका पाहून कोणी असा विचार शब्दांत करीत असेल असे मी म्हणत नाही. सोळाव्या वर्षी असे काही शब्दांत येत नसते. पण दारातून डोकावून ‘कार्टून’ म्हणणाऱ्याने एखादा भाग शेजारी बसून पाहिला, आणि मग उर्वशीची कोकरे कोणी पळविली ते सांगितले, तर त्या खोलीत बोलण्यासारखे बरेच निघेल.

राहता राहिले इचिकाचे. जागा सापडते, तरी तिला त्या दिवशी न्यायचे ते नेतातच. पुरावा मिळाला म्हणून निकाल त्याच संध्याकाळी लागत नाही. मित्रमंडळी उरलेला चित्रपट पुरा करतात आणि पुढे शाळेच्या महोत्सवात तो दाखवितात. बघणाऱ्यांना ती एका उन्हाळ्याची गमतीची गोष्ट वाटते; यान, पाठलाग सारे रचलेले. फितीच्या शेवटाकडे एक तुकडा येतो. त्यात इचिका आहे, आणि तो त्या सुट्टीत टिपलेला नाही.