चढावरचं कॉफी हाउस

केरळातल्या इंडियन कॉफी हाउसचा मसाला डोसा मोडला की आतून लालभडक भाजी निघते. बीट! साताऱ्यात मंडईला लागून आमचं छोटं हॉटेल आहे. तिथे डोशात पिवळी बटाट्याची भाजी दिसली नाही तर गिऱ्हाईक प्लेट परत पाठवेल. तिकडे मात्र डोसा काय आणि कटलेट काय, या रंगावरूनच ओळखतात. धंदेवाल्याच्या नजरेला यात दुसरंच काही दिसतं. बीट-बटाटा उकडून ठेवला की सकाळी तो डोशात जातो आणि उरलेला संध्याकाळी कटलेटात, वाया काही जात नाही. हा अर्थात माझा अंदाज. त्यांच्या भटारखान्यात मी शिरलेलो नाही.

ही गोष्ट तिरुवनंतपुरमच्या तंपानूरमधल्या कॉफी हाउसची. रेल्वे स्टेशन आणि बसस्टँड समोरच, चालै बाजार तिथून चालत जाण्यासारखा. केळीचे घड, मसाले, भांडी यांचा हा जुना बाजार अठराव्या शतकाच्या अखेरीस त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी वसवला. स्टेशन आणि बाजार दोन्ही जवळ असल्यामुळे कॉफी हाउसचं गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं. पहाटेच्या गाडीनं उतरलेला ऑम्लेट-टोस्ट मागतो, दुपारी बाजार उरकून आलेलं कुटुंब बिर्याणी मागवतं, आणि वकिलासारखा दिसणारा एखादा एका कॉफीवर पेपर संपवतो. आमच्याकडे असल्या गिऱ्हाइकाला फडका मारून सूचना दिली जाते. इथे निदान माझ्यासमोर तरी कुणी तसं केलं नाही.

इमारत लाल विटांची, गोल. आत मजलेच नाहीत. जमीन गोल गोल फिरत वर चढत जाते आणि बाहेरच्या भिंतीला धरून बांधीव टेबलं आणि बाकं आहेत. रिकामं टेबल शोधत माणूस चढत राहतो. भिंतीतल्या विटा मुद्दाम सोडून केलेल्या चौकोनी भोकांमधून उजेड येतो, वाराही येतो. ही रचना लॉरी बेकर यांची. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले हे वास्तुविशारद पुढे केरळचेच झाले. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. गांधीजींची आणि त्यांची भेट मात्र आपल्या मुंबईत झाली, मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत असताना. जवळपास मिळेल त्याच सामानातून घर बांधावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर धरून ठेवला.

हॉटेलवाला म्हणून मी त्या बाकांवर खूश आहे. खुर्च्या मोडत नाहीत, सरकत नाहीत, झाडू-पोछा सोपा. बसणाऱ्याचं विचाराल तर गुडघे टेबलाला लागतात आणि पाठ लवकरच कुरकुरते. पण खरी कसोटी वेटरची. पांढरा पोशाख, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर पंख्यासारखा तुरा काढलेली कडक पगडी, आणि हातात भरलेला ट्रे. त्या चढावर सांबाराची वाटी न हिंदकळता नेणारा माणूस मी पाहिला. त्याची नजर ट्रेवर नव्हती, पुढच्या वळणावर होती.

हा वेटर नोकर आहे की मालक, याचं उत्तर मुंबईपासून सांगावं लागतं. १९३०च्या मंदीत कॉफीची परदेशी मागणी आटली, तेव्हा देशातच कॉफी खपवायची म्हणून कॉफी सेस कमिटीनं १९३६ साली चर्चगेटला पहिलं कॉफी हाउस उघडलं. पुढे देशभर शाखा झाल्या. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डानं त्या बंद करायचं ठरवलं आणि कामगारांवर घरी बसायची पाळी आली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं की सहकारी संस्था काढा आणि तुम्हीच चालवा. १९५७ साली बंगळूरला पहिली संस्था झाली, १९५८ साली त्रिशूरला केरळातलं पहिलं कॉफी हाउस सुरू झालं.

सहकार म्हटलं की आपल्याला प्रवरानगरचा कारखाना आठवतो, गावोगावची दूध सोसायटी आठवते. तिथे सभासद असतो ऊस पिकवणारा किंवा दूध घालणारा. कारखान्यात पाळी करणारा कामगार पगारावर असतो आणि पगारवाढीसाठी सभासदांच्याच संचालक मंडळाशी भांडतो. कॉफी हाउसमध्ये सभासद म्हणजे डोसा टाकणारा आणि ट्रे उचलणारा. भांडणं तिथेही होत असणार, माणसं आहेत. पण मुनाफा काढून घेणारा शेठ गल्ल्यावर बसलेला नसल्यामुळे भाव आवाक्यात ठेवता येतात, असं मला वाटतं. गल्ल्यावर मीच बसत असल्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा. नऊनंतर खालची टेबलं मिळत नाहीत, आणि वरच्या टोकाला बसलात तर दुसऱ्या कॉफीची ऑर्डर पहिलीबरोबरच देऊन टाका.