चिकटपट्टीच्या पाठीवरील कागद

टिकल्यांचें पाकीट आपल्या धाराशिव जिल्ह्यांत घरोघरीं आढळतें. टिकली उचलून कपाळीं लाविली कीं तिच्या खालच्या कागदाकडे कोणी पाहत नाहीं. जखमेवर लावावयाच्या तयार पट्टीचीहि तीच गोष्ट. पट्टी कामास येते, पाठीचा कागद केरांत जातो. परंतु हा कागद चुकीचा निवडला गेला तर पट्टी करणाराचें सारें कसब फुकट जातें.

धंद्यांत या कागदास रिलीज लायनर म्हणतात. १९२० सालीं अमेरिकेंत अर्ल डिक्सन यांनीं, पत्नीची बोटें स्वयंपाक करतांना कापत व भाजत म्हणून, चिकटपट्टीवर गॉजच्या घड्या ठेवून त्यांवर क्रिनोलिन नांवाचें ताठ कापड अंथरलें. बँड-एडचा उगम हाच. त्या कापडाचें काम आतां बहुधा सिलिकोनचा लेप दिलेला कागद करतो. लेप दर चौरस मीटरास सुमारें १ ग्रॅम इतकाच. पण तेवढ्यानें डिंकाची पकड ढिली होते.

मग लेप जितका निसरडा तितका बरा, असें कोणास वाटेल. तसें नाहीं. फार सैल कागद वाहतुकींतच सुटतो व उघड्या डिंकावर धूळ बसते. फार घट्ट असला तर सोलतांना पट्टी ताणते किंवा फाटते. दोन्ही बाजूंनीं चिकटणाऱ्या पट्टीच्या गुंडाळींत एकच कागद दोन थरांमध्यें असतो. त्याची एक बाजू दुसरीहून मुद्दाम सैल ठेवावी लागते, नाहींतर पट्टी भलत्याच बाजूस निघून येते. डिंकहि सिलिकोनचा असेल (अर्भकांच्या व वृद्धांच्या नाजूक त्वचेसाठीं तो वापरतात) तर साधा लेप चालत नाहीं, दोघे एकजीव होऊं पाहतात. तेथें फ्लुओरोसिलिकोन लागतें.

आतां टिकलीकडे वळूं. तिच्या कारखान्यांत पात्यानें मखमल आणि डिंक कापावा, पण खालच्या कागदास धक्का लावूं नये, अशी कसरत असते. कागद कोठें जाड, कोठें पातळ असेल तर पातें आरपार जातें. पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा सर्वत्र सारखा असतो, म्हणून नाजूक कापकामास तो बरा. शिवाय कागद पावसाळ्यांत ओल पिऊन फुगतो आणि आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यांत आक्रसून वळतो. पॉलिएस्टरवर ओलीचा परिणाम फारसा होत नाहीं. तरीपण कागद स्वस्त आहे व हातानें फाडतां येतो. माझ्या मतें साध्या कामास तोच पुरे. मात्र सोललेला तुकडा शहाबादी फरशीवर पडूं देऊं नये; त्यावरून पाय सहज घसरतो.

जखमेच्या पट्टीवर बहुधा दोन तुकडे असतात व ते मधोमध एकमेकांवर येतात. पुष्कळजण दोन्ही तुकडे आधींच काढून टाकतात व मग बोट गॉजला लागतें. तुकड्यांचीं टोकें धरून गॉज जखमेवर टेकवावा, मग एकेक तुकडा बाहेरच्या बाजूस ओढावा.