रोज एक नवा रस्ता, रोज एक नवं नाव

'ट्रॅकमेनिया' या फ्रेंच शर्यतीच्या खेळाचा पहिला भाग २००३ साली आला. पॅरिसच्या 'नादेओ' कंपनीने तेव्हापासूनच रस्ते बांधायचं साधन खेळाडूंच्या हाती दिलं. रस्त्यांचा पूर आला, आणि त्यातून चांगला रस्ता, चांगला रचनाकार शोधायचा कसा, हा प्रश्नही.

२०२० च्या आवृत्तीत त्यावर सुरेख तोड निघाली: 'ट्रॅक ऑफ द डे'. रचनाकार आपला रस्ता परीक्षणासाठी पाठवतो, इतर खेळाडू त्यावर गाडी चालवून मत देतात. निवडलेला रस्ता पॅरिसच्या वेळेनुसार संध्याकाळी सातला सगळ्यांसाठी खुला होतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. लगेच त्याच रस्त्यावर स्पर्धाही रंगते. घरी बसून एकट्याने जोडलेल्या वळणांवर त्या रात्री जगभरातले खेळाडू धावतात. नवख्या रचनाकाराला याहून मोठा सन्मान कोणता!

एक नियम फार मोलाचा आहे. रचनाकाराने स्वतः शर्यत पूर्ण केल्याशिवाय रस्ता प्रसिद्ध करता येत नाही. त्याने नोंदवलेली वेळ गाठणाऱ्याला कांस्य, रौप्य, सुवर्ण यांच्याही वरचं 'ऑथर' पदक मिळतं. ते मिळवताना रचनाकाराचा हात ओळखीचा होत जातो: कुणाला बर्फावरची घसरण आवडते, कुणाला डांबरावरचा सुसाट वेग.

हात आवडला, तर त्याचा 'क्लब' शोधावा. तिथे त्याचे इतर रस्ते एकत्र सापडतात.